गाडीत मुरलेला धूर

काचा खाली केल्या की सिगारेटचा वास जातो, असं प्रवासी मानतात आणि आमच्या धंद्यातले बरेच चालकही मानतात. धूर जातो, हे खरं आहे. पण जाण्याआधी तो छताच्या अस्तराला, सीटच्या कापडाला, बेल्टच्या पट्ट्यांना आणि एसीच्या आतल्या कॉइलला लागलेला असतो. डोळ्यांना काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी तासभर उन्हात उभी राहिली, आतलं सगळं तापलं, की वास परत सुटायला लागतो. मग वरून कितीही सुगंध मारा, आधीच्या वासात त्या सुगंधाची भर पडते एवढंच.

साताऱ्यात माझा टुरिस्ट गाड्यांचा व्यवसाय आहे. पुण्याचं विमानतळ, महाबळेश्वर, कोकण, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळं करतो आणि स्टिअरिंगवर मीही बसतो. आमच्याकडे एकाच गाडीत काल कुणाची सहल झालेली असते आणि आज कुणाचं आजारपण बसतं. कालच्या माणसानं सोडलेला धूर आजच्या माणसाच्या नाकात जातो आणि त्याला तर कुणी विचारलेलंही नसतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

एका थंडीत गणपतीपुळ्याची पार्टी सोडून गाडी रात्री उशिरा परत आली. मंडळी सज्जन होती. काचा खाली करून ओढत होती, राख बाहेर झटकत होती. पहाटे गाडी धुतली, आतून पुसली, डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवली आणि नऊ वाजता एका प्रसूतिगृहाच्या दारात उभी केली. बाळंतीण आणि बाळाला वाईला सोडायचं होतं. बरोबर आलेल्या आजींनी मागचं दार उघडलं, आत वाकल्या आणि तशाच मागे सरल्या.

"दादा, गाडीत कुणी ओढलंय का?"

"काल पार्टी होती, आजी. सकाळी सगळी धुतलीय."

"धुतलीस ते दिसतंय रे बाबा. पण पाच दिवसांचं लेकरू आहे. मी नाही त्याला यात बसवायची."

वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. ओळखीच्या एका गाडीवाल्याला फोन केला. तो येईपर्यंत कानाला स्कार्फ बांधलेली ती मुलगी बाळाला पोटाशी धरून दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. भाडं गेलं त्याचं काही नाही. पण ओल्या बाळंतिणीला माझ्या गाडीपायी ताटकळावं लागलं, हे मनाला फार लागलं.

आजींचं नाक किती बरोबर होतं, हे पुढे वाचत गेलो तेव्हा समजलं. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली ७० च्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. धूर विरला तरी निकोटीन आणि चिकट डांबर जिथं बसायचं तिथं बसून राहतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं, की असं बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाबरोबर मिसळून नायट्रोसअमाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं तयार करतं. हे नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतून येतं, तसंच गाड्यांच्या धुरातूनही येतं. भरपूर सिगारेट ओढणाऱ्या एका माणसाच्या ट्रकच्या केबिनमध्ये त्यांना ही द्रव्यं प्रत्यक्ष सापडली. त्याआधी २००८ मध्ये सॅन दिएगोतल्या संशोधकांनी विकायला काढलेल्या जुन्या गाड्या तपासल्या होत्या. सिगारेट ओढणाऱ्यांच्या गाड्यांत हवेत, धुळीत आणि डॅशबोर्डवरही निकोटीन मिळालं. रांगतं मूल सीट चाचपतं, बेल्ट तोंडात घालतं आणि तोच हात चोखतं. बंद गाडीत त्याच्यासाठी सगळंच हाताच्या अंतरावर असतं.

सगळ्यात स्वस्त सफाई म्हणजे गाडीत पेटवूच न देणं. टुरिस्ट गाडीत तर कायदाच आपल्या बाजूनं आहे. मुंबईच्या मुरली देवरांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी आणि सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला बंदी घातली. २००३ मध्ये तंबाखूचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम कडक झाले, दंड २०० रुपयांपर्यंत. पिवळ्या पाटीची गाडी ही प्रवाशानं भाड्यानं घेतली म्हणून त्याची खासगी बैठकीची खोली होत नाही. तरीसुद्धा गिऱ्हाइकाला कायदा ऐकवून प्रवासाची सुरुवात केली तर दिवसभर गाडीत तणाव राहतो, म्हणून मी बोलण्याची पद्धत ठरवून टाकली आहे. बुकिंगचा फोन येतो तेव्हाच सांगतो, "साहेब, गाडीत सिगारेट चालत नाही. पण तुम्ही म्हणाल तिथं थांबवतो, दहा मिनिटं थांबू, घाई नाही." या वाक्याचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नुसतं 'चालत नाही' म्हटलं की माणूस चिडतो. थांबण्याचा शब्द दिला की बहुतेक जण आनंदानं ऐकतात. ज्यांना ऐकायचं नसतं ते फोनवरच कळतात आणि ते भाडं मी सोडतो.

थांबायचं म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. ढाब्यावर गाडी थांबते, दार उघडं टाकून, दाराला टेकून माणूस सिगारेट पेटवतो आणि वाऱ्यानं अर्धा धूर आत येतो. अशा थांब्याचा काही उपयोग नाही. उतरल्यावर चारही दारं आणि डिकी बंद. गाडीपासून पंधरा-वीस पावलं लांब, वारा गाडीकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला उभं राहावं. ओढून झाल्यावर लगेच आत बसू नये. शेवटच्या झुरक्यानंतरही काही मिनिटं श्वासातून धूर येत राहतो. तेवढ्यात हात धुवावेत, चूळ भरावी, पाणी प्यावं. अंगात जाकीट किंवा शाल असेल तर ती पिशवीत घालून डिकीत ठेवावी, कारण लोकरीचं कापड वास फार धरतं. मी पाण्याची एक जादा बाटली आणि साबणाची वडी गाडीत ठेवतो. ती पुढे केली की कुणी रागावत नाही, उलट सोबतच्या बायका आणि मुलं मनापासून आभार मानतात.

आता पाकिटाबद्दल. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट विकायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे अख्खं पाकीट घेतलं जातं आणि उरलेलं गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून राहतं. न पेटवलेल्या सिगारेटचाही वास लागतो. तंबाखूचा बारीक चुरा सांडून कागदपत्रांत, चार्जरच्या खाचेत जातो. पाकीट जवळ ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या लहान स्टीलच्या डबीत घालून सामानाच्या बॅगेत ठेवावं. लायटर मात्र उभ्या गाडीत कधीच ठेवू नये. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका बसेल इतका तापतो आणि गॅसचे स्वस्त लायटर तेवढ्या उष्णतेत फुटू शकतात. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी तर हे नक्की पाळावं. गाडी सीएनजीवर असेल तर आग लागेल अशी कुठलीच वस्तू आत पडून राहू देऊ नये.

थोटकांचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या जुन्या गाड्यांत अॅशट्रे असायचे, ते गेले. पेटवण्याचं सॉकेट होतं, त्याचं फोन चार्जिंग झालं. त्यामुळे लोक पाण्याच्या बाटलीत थोटकं विझवतात. ही बाटली सीटखाली कलंडली तर त्या तपकिरी पाण्याचा वास इतका चिवट, की फोमपर्यंत गेलेला डाग आठवडे त्रास देतो. काही जण काचेतून बाहेर फेकतात. चालत्या गाडीत ते थोटूक पुढच्या काचेतून जाऊन मागच्या काचेतून आत येतं आणि सीटला भोक पाडतं, हे मी पाहिलं आहे. मागं लहान मूल बसलं असेल तर काय होईल, विचार करवत नाही. बाहेर पडलं तरी बरं नाही. उन्हाळ्यात आमच्या यवतेश्वरच्या डोंगरावर, पसरणी घाटात गवत वाळून पिवळं झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. वणवा लागला की पक्ष्यांची घरटी, नवी झाडं, गुरांचा चारा सगळं जातं. फिल्टर कापसासारखा दिसतो पण तो सेल्युलोज अॅसिटेट नावाचं प्लॅस्टिक असतो, वर्षानुवर्षं कुजत नाही. जेवणाच्या डब्यातली लहान स्टीलची डबी घ्यावी, तळाला दोन बोटं कोरडी वाळू घालावी, थांब्यावर थोटूक त्यात दाबून विझवावं, झाकण लावावं. मुक्कामाला पोचल्यावर डबी रिकामी करून धुवावी.

एवढं करूनही कधीतरी गाडीत ओढलं जातं. मग सफाई करावी लागते, आणि ती कुठल्या क्रमानं करतो याला महत्त्व आहे. आम्ही वरून खाली येतो आणि ओलं काम कोरड्यानंतर करतो. राखेवर आधी ओलं फडकं फिरवलं तर ती कापडात घोटली जाते, नंतर निघत नाही. म्हणून पहिल्यांदा पायपुसण्या बाहेर काढून झटकायच्या आणि व्हॅक्यूम घेऊन सीटच्या रुळांत, दाराच्या खिशांत, सीट आणि पाठ यांच्या फटीत नळी घालायची. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवल्याशिवाय रूळ दिसत नाहीत. राख तिथंच साठते.

मग छत. बहुतेक लोक छत सोडून देतात आणि मग वास का जात नाही म्हणून हैराण होतात. गरम धूर वर चढतो, सगळ्यात जास्त डांबर तिथंच बसतं. पण छताचं अस्तर आत गोंदानं चिकटवलेलं असतं. त्यावर पाणी ओतलं, ब्रश घासला, की गोंद सुटतो आणि अस्तर तंबूसारखं खाली लोंबतं. मग नवं छत बसवण्याचा खर्च. म्हणून मायक्रोफायबरचं फडकं सीट साफ करण्याच्या फेसात किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, हातभर भाग घेऊन एकाच दिशेनं हलकं पुसायचं. पांढरं फडकं घ्यावं, म्हणजे किती निघतंय ते दिसतं. पहिल्या वेळी फडक्यावर चहासारखा रंग येतो. फडकं बदलत राहायचं. सन व्हायजर आणि खांबांवरचं प्लॅस्टिक याच फेरीत.

काचा आतून पुसताना मी व्हिनेगर वापरतो, एक वाटी व्हिनेगरला तीन-चार वाट्या पाणी. यामागचं कारण मला माझ्याच गाडीतून पुण्याला जाणाऱ्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी समजावलं. निकोटीन अल्कधर्मी असतं. सौम्य आम्ल लागलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं, ते हवेत उडायचं थांबतं आणि पाण्याबरोबर पुसून निघतं. डांबर मात्र व्हिनेगरला दाद देत नाही, त्याला साबणच लागतो. म्हणून आधी साबणाचं फडकं, मग व्हिनेगरचं, मग साध्या पाण्याचं. व्हिनेगरचा स्वतःचा वास दारं उघडी ठेवली की काही वेळानं जातो. टचस्क्रीनवर आणि चामड्याच्या सीटवर ते लावू नये. समोरच्या काचेला तर विसरू नकाच. आतून बसलेल्या चिकट थरामुळे रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड काचभर पसरतो. पावसात काच लवकर धुरकटते. घाटात अशा काचेतून गाडी चालवणं धोक्याचं आहे.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावायचा, म्हणजे तो आत जात नाही. साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण सुकल्यावरच सोडायचा. ओला आत गेला तर वास आणि बुरशी दोन्ही. सीटवर खाण्याचा सोडा चाळणीनं पातळ थरात भुरभुरवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. सोडा वास ओढून घेतो, हे खरं आहे, पण जून ते सप्टेंबर हा उपाय करू नये. आमच्याकडच्या पावसाळी हवेत सोडा ओलसर होऊन कापडात चिकटतो. पावसाळ्यात सीट शाम्पूनं धुणंही टाळावं, फोम आठवडाभर वाळत नाही आणि कुबट वास येतो तो सिगारेटपेक्षा वाईट.

एसी सगळ्यात शेवटी. ग्लोव्ह बॉक्सच्या मागं बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर असतो. तो बदलायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि काही शे रुपये. कोळशाचा थर असलेला फिल्टर मिळत असेल तर तोच घ्यावा. नवा फिल्टर सफाई संपल्यावर घालायचा, आधी घातला तर उडणारी धूळ आणि वास तोच पकडतो. गाडीत कुणी ओढत असताना आतलीच हवा फिरवण्याचं बटण चालू असेल, तर सगळा धूर फिल्टरमधून आणि कूलिंग कॉइलवरून पुन्हा पुन्हा जातो. कॉइलवर पाणी जमत असल्यानं धुराचे कण तिथं चिकटतात. एसी लावल्याबरोबर पहिल्या मिनिटाला जो भपकारा येतो तो तिथूनच. त्यासाठी मेकॅनिककडून कॉइलवर फेसाचा स्प्रे मारून घ्यावा आणि पाणी निघण्याची नळी मोकळी आहे का तेही पाहायला सांगावं. रोजची सवय म्हणून मुक्काम येण्याआधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, कॉइल वाळते.

ओझोनचं मशीन लावून 'वास कायमचा घालवतो' असं सांगणारी दुकानं आता शहरोशहरी आहेत. मी ते करून घेत नाही. ओझोन फुप्फुसाला घातक आहे, रबराला तडे पाडतो, आणि निकोटीनच्या थराशी त्याची अभिक्रिया होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात, असं संशोधकांनी नोंदवलं आहे. थर पुसून काढल्याशिवाय असल्या यंत्राचा भरवसा धरू नये. कापराच्या वड्या, कॉफीची पूड, लिंबू-मिरची, सगळं लोक ठेवतात. कापूर मलाही आवडतो, पण साफ गाडीत.

माझ्या चालक भावांसाठी थोडं वेगळं. रात्रीच्या भाड्यावर झोप उडवायला सिगारेट-बिडी लागते, असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. झोपेला झोपच लागते. पेटती सिगारेट मांडीवर पडली की हात स्टिअरिंग सोडून तिकडे जातो, आणि घाटात तेवढा क्षण पुरतो. डोळे जड झाले तर पेट्रोल पंपावर गाडी लावा, वीस मिनिटं सीट मागे करून पडा, तोंडावर पाणी मारा, चालत एक चक्कर मारा. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये वाट पाहताना एसी लावून आत बिडी ओढण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. डिस्चार्ज घेऊन येणारा पेशंट त्याच गाडीत बसणार असतो.

खासगी गाडीबद्दल आपल्याकडे असा कायदा नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून गाडीत १८ वर्षांखालचं मूल असेल तर कुणीही ओढायचं नाही, असा कायदा आहे. गाडी स्वतःची असली तरी तो लागू होतो. आपल्याकडे तो येईल तेव्हा येवो. घरातल्या पोरानं किंवा नातवानं "बाबा, काच खाली करा ना" म्हणायची वाट पाहू नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण फसवणूक तिथंच जास्त होते. विक्रीला आणलेली गाडी सकाळच्या थंडाव्यात दाखवतात, आत सुगंधी डबी लटकवलेली असते. आधी ती डबी काढायला सांगा. गाडी काचा बंद करून तासभर उन्हात उभी करा. मग दार उघडल्याबरोबर आत डोकं घालून पहिला श्वास घ्या, पुढच्या श्वासांना नाकाला वासाची सवय होत जाते. हीटर चालू करा, मग एसी. ओलसर पांढरा रुमाल छतावर, चालकाच्या डोक्याच्या वर, एकदा हलकेच फिरवा. बेल्ट शेवटपर्यंत ओढून आतल्या भागाचा वास घ्या, तिथं कुणी सुगंध मारत नाही. रुमाल पिवळा निघाला तर आतली पूर्ण सफाई आणि फिल्टर-कॉइलचा खर्च किमतीतून वजा करून मागा. आणि विकणारा तासभर गाडी उन्हात ठेवू देत नसेल, तर दुसरी गाडी बघा.